न कुजणाऱ्या अळ्या

कर्जतजवळ शेतीच्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी कामाला होतो, तेव्हाची, सत्तर सालानंतरची गोष्ट. बांधावरची माती डब्यात भरायची, तीत मेणकिड्याच्या अळ्या सोडायच्या आणि वाट बघायची. मातीतले बारीक सूत्रकृमी अळीच्या अंगात शिरत आणि आपल्या पोटातले जीवाणू तिथे सोडत. दोन दिवसांत अळी मरे, विटकरी होई, पण आठवडा झाला तरी सडत नसे. ते जीवाणू दुसऱ्या जंतूंना जवळ फिरकूच देत नसत.

अळ्या पुरवायची पळसदरीची एक बाई. मधमाश्यांनी सोडून दिलेल्या पोळ्यांतून वेचून आणायची. तिला हे सगळं मी मोठ्या ऐटीत समजावलं होतं. ऐकणारं कोणी भेटलं की माझी जीभ सैल सुटायची.

"सायेब, मंग माणसाच्या जखमेला चालंल का ह्ये?"

"चालेल की! का नाही चालणार?" मी मान वर न करताच म्हणालो.

पुढच्या आठवड्यात डब्यातल्या पाच मेलेल्या अळ्या गायब. मी मुंग्यांना शिव्या घातल्या. बाईही येईना. ताज्या अळ्या संपल्या म्हणून, फक्त म्हणूनच, मी तिच्या घरी गेलो.

तिचा नवरा पडवीत पडला होता. विळा लागलेल्या पायाला फडकं बांधलेलं. मी ते सोडलं. ठेचलेल्या विटकरी अळ्या जखमेत तशाच होत्या. त्या कुजल्या नव्हत्या, पाय कुजला होता. तो वास अजूनही जेवताना अचानक येतो आणि मी ताट सरकवतो. घरच्यांना वाटतं, भाजी आवडली नाही.

टेंपो मिळवून त्याला खालापूरला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

महिन्याभराने बाई आली, हातात पोळं घेऊन. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. तिने शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

"सायेब, अवशिद चांगलंच व्हतं," ती खाली बघत म्हणाली. "मीच चुकले. न इचारता घ्यायच्या म्हनून पाचच घेतल्या. धा लावल्या असत्या तर त्येंचा पाय ऱ्हायला असता, नाय का?"

ते औषध नव्हतंच, माझी नुसती फुशारकी होती, हे तिला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "असेल."

तिने मान डोलावली, पोळं फोडलं आणि खाली बसून माझ्यासाठी अळ्या वेचू लागली.