कोपऱ्यातली भुताची खुर्ची

बेळगावच्या त्या जुन्या नाट्यगृहात भूत आहे, हे आम्हाला निपाणीत बसून ठाऊक होतं. तिथले पंखे फिरत नाहीत, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. भूत म्हणे संगीत नाटकांच्या काळातल्या एका नटाचं, बायकांची कामं करणाऱ्या. तो पद गाता गाता रंगमंचावरच गेला, असं एक जण सांगे. दुसरा म्हणे, छे, मटण जास्त झालं म्हणून गेला. मला दुसरी हकिकत जास्त पटायची. मेल्यावर त्यानं पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची धरली होती. प्रयोगाआधी तिच्यावर गजरा आणि विडा ठेवायचा आणि ती रिकामी सोडायची, असा तिथला रिवाज. नाहीतर म्हणे नट वाक्यं विसरतात. आमचे नट भुताच्या मदतीशिवायही विसरत.

ऐंशी साल उजाडायच्या आसपासची ही गोष्ट. मी निपाणीत प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आमच्या हौशी नाट्यमंडळातली एकुलती एक बाई होते. नायकाची आई मी, बायको मी, मोलकरीणही मीच. त्यामुळे सासू-सुनेचं भांडण आमच्या नाटकात कधी रंगलंच नाही.

माझे वडील, आप्पा, तंबाखूच्या वखारीत कामाला होते. त्यांना माझं हे वेड अजिबात पसंत नव्हतं. त्या नाट्यगृहात होणाऱ्या बेळगावच्या नाट्यस्पर्धेचं कळलं तेव्हा आख्ख्या गल्लीसमोर गरजले, "मी मेलो तरी त्या थेटरात पाय ठेवणार न्हाय! आन तुजं बी हे शेवटचं. म्होरं तोंडाला रंग लावायचा न्हाय."

आप्पा बोलले की बोलले. मी हट्टानं तालमी केल्या, पण रोज घरी येताना रडू यायचं. नाटक सुटलं तर शाळा आणि चूल, एवढंच माझ्यापाशी उरणार होतं.

स्पर्धेत आमचा प्रयोग रविवारी दुपारी होता. आमचा दिग्दर्शक धंद्यानं शिंपी आणि विचारानं पुरोगामी. भूतबीत सगळं थोतांड आहे, हे त्यानं टेम्पोत आम्हाला वाटभर समजावलं आणि पोचल्या पोचल्या सगळ्यात आधी स्वतः जाऊन खुर्चीवर विडा ठेवला. वर हातही जोडले.

तिसरी घंटा झाली, अंधार झाला, पडदा वर गेला. थोड्या वेळानं आमचा नायक, बँकेतला कारकून, माझा हात धरून प्रेमाचं बोलता बोलता गप्प झाला. मी त्याच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. दिव्यांच्या झगझगाटातून फक्त पांढरा पटका दिसत होता. आणि जबडा सावकाश हलत होता.

"विडा खाल्ला," नायक पुटपुटला. हे काही नाटकातलं वाक्य नव्हतं.

खोटं कशाला बोलू, माझाही भुतावर थोडा विश्वास होताच. तेवढ्यात भूत खोकलं. आधी दोनदा कोरडं, मग एक लांबलचक, छातीच्या तळातून आलेलं. वखारीतल्या तंबाखूच्या धुळीनं बसलेला तो खोकला मी जन्मापासून ऐकत आले होते.

सगळं थिएटर भरलेलं, आत काळोख, उशिरा आलेल्या माणसाला एकच खुर्ची मोकळी दिसली असणार. वर आयता विडा. आप्पा कशाला सोडतील?

मध्यंतरात आत नुसता हलकल्लोळ. नायक म्हणाला, मी परत जात नाही. पुरोगामी शिंपी नारळ शोधत होता. "ते माझे आप्पा आहेत," एवढं मी म्हटलं असतं तर सगळे शांत झाले असते. पण टेम्पो परत निपाणीत पोचायच्या आत गल्लीला कळलं असतं आणि आप्पांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यांना भूतच राहू दिलं. नायकाला अक्षरशः ढकलत रंगमंचावर नेलं.

उरलेलं नाटक मी त्या पटक्यासाठी केलं. बाकी कुणी बघत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. नंबर अर्थात आला नाही. नायकानं अर्धा प्रवेश प्रेक्षकांकडे पाठ करून केला होता.

घरी पोचले तेव्हा आप्पा जेवायला बसले होते, जणू दिवसभर जागचे हललेच नव्हते. नाटक कसं झालं, हे विचारलं नाही. मी रंग पुसून, हातपाय धुऊन वाढायला बसले. भाकरी मोडता मोडता, वर न बघता ते म्हणाले, "रडताना पदर तोंडावर घिऊ नगंस. म्होरच्या खुर्चीत बी शब्द कळंना झालते. म्होरच्या खेपंला तेवढं सुधार."