पळसदरीच्या खळ्यातलं रिंगण

ती घटना आजही आठवते, असं म्हणायची मला सोयच नाही. ती माझ्या डाव्या खांद्यावर दातांसकट उमटलेली आहे, आंघोळीला बसलो की रोज भेटते. नोकरीत मला दरोडेखोरांनी धमकावलं, पुढाऱ्यांनी दटावलं. पण चावला तो एकटाच, आणि तो मुद्देमाल होता. नावं कुणाचीच सांगणार नाही. घोड्याचंही नाही.

सत्तरच्या दशकात मी खालापूर ठाण्याला फौजदार होतो. एका शुक्रवारी सकाळी दारात मोटार थांबली. इतकी लांब, की पुढचं चाक आमच्या अंगणात आणि मागचं चौक गावच्या नाक्यावर. उतरले ते शर्यतीच्या घोड्यांचे मालक; तबेला आमच्याच हद्दीत. काल पहाटे जॉकीने घोडा फिरवायला म्हणून बाहेर काढला, तो परत आणलाच नव्हता.

"रविवारी मुंबईला शर्यत आहे. त्याच्या आत घोडा पाहिजे," असं त्यांनी मला सांगितलं नाही, फर्मावलं.

फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला. जॉकी म्हणजे वारा, तो एव्हाना घाट चढून पुण्यात पोचला असणार, असा माझा पक्का तर्क. लगेच खोपोलीला घाटाच्या तोंडाशी चार शिपाई उभे केले आणि मी ऐटीत चहा मागवला.

शनिवारी सकाळी पळसदरीचा एक शेतकरी ठाण्यात आला, तो खबर द्यायला नव्हे, भांडायला.

"सायेब, माझ्या खळ्यात मळणी कुनी केली?"

"खळं तुझं. मला काय विचारतोस?"

"आमचं भात कवाच झालंय. खळं सारवून ठेवलंवतं, तर त्यात कुनीतरी रिंगण काढलंय. आनि बैलाचा खूर नाय तो. बैलाचा दुभागलेला असतो, ह्यो अख्खा हाय!"

मी जीप काढली. खळ्यात खरोखरच रिंगण होतं. शेतकरी म्हणाला, पन्नास फेऱ्या असतील. मी सांगतो, पाचशेच्या खाली एक नाही. टापांच्या शेजारी माणसाची लहानशी पावलं. कडेला पाण्याची बादली.

माझे हवालदार पूर्वी लष्करात घोडे सांभाळून आलेले. ते उकिडवे बसले. "साहेब, तापलेल्या घोड्याला आधी फिरवून थंड करतात, मग घोटघोट पाणी. चोराला एवढी सवड नसते."

मग मी खळ्याकडे आलेली वाट पाहिली. तिथेही टापांशेजारी तीच पावलं. पुढे कर्जतच्या दिशेलाही तीच. माझी टोपी आपोआप सरकली. घोडा चोरून निघालेला हा जॉकी एकदाही घोड्यावर बसला नव्हता!

पळून जायचं असतं तर तो पायी निघाला नसता. तबेल्यात चौकशी केली. जॉकीची बहीण कर्जतपलीकडे कडावला दिली होती, दुधाचा धंदा. दुपारी आम्ही तिच्या दारात.

"घोडा? नाय वो सायेब. आमच्याकडं म्हशी हायत."

तेवढ्यात गोठ्यातली सातवी म्हैस फुरफुरली.

"ताई, ही जरा उंच आहे."

"खानं चांगलं हाय तिचं," बाई पापणी न हलवता म्हणाली.

आत जॉकी घोड्याच्या पुढच्या पायाला ओलं गोणपाट गुंडाळत बसला होता. माणूस एवढासा, की बेडी मनगटावरून सरकून कोपराशी अडकावी. उठलाही नाही.

"मालकांना सांगायचं होतंस," मी दरडावलं.

"तीनदा सांगितलं. म्हनाले, तू नाय बसलास तर दुसरा बसंल. सायेब, मालक दुर्बिणीतून बघतात. पाठीवर मी असतो. मागच्या रविवारी शेवटच्या वळणावर ह्याचा पाय डगमगला, ते माझ्या मांडीला कळलं. तरी मी चाबूक मारला. जिंकलो. आता पळाला तर पाय मोडंल, आनि पाय मोडलेल्या घोड्याला गोळी घालतात. मला आत टाका, पन उद्याचा रविवार जाऊ द्या."

"लायसन जाईल तुझं."

"जाऊ दे. चाबूक बी जाईल."

चोरी ती चोरी. अटक केली, पंचनामा केला. घोड्याने जबाब म्हणून माझा खांदा धरला.

संध्याकाळी वरून फोन आला. "घोडा आत्ताच्या आत्ता मालकांच्या ताब्यात द्या."

"साहेब, तो मुद्देमाल आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत नाही. कोर्ट सोमवारी."

"अहो, घोडा आहे तो! चोरीची सायकल नाही!"

"सायकल असती तरी हेच बोललो असतो, साहेब."

खरं सांगतो, त्याआधी कितीतरी सायकली मी शनिवारीच सोडल्या होत्या. त्या दिवशी मात्र मला कायदा कलमांसकट पाठ झाला.

रविवारी सरकारी गुरांचे डॉक्टर आले. पाय दाबून त्यांनी लिहून दिलं: पायाचे स्नायुबंध सुजलेले, धावल्यास पाय मोडण्याचा संभव. शर्यतीच्या वेळेला घोडा ठाण्यामागच्या आंब्याखाली उभा होता आणि जॉकी कोठडीच्या गजांतून त्याच्याकडे बघत होता. शर्यत त्याच्याविनाच सुटली.

सोमवारी कोर्टात जॉकी म्हणाला, "गुन्हा कबूल. पस्तावा नाय." मॅजिस्ट्रेटनी डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला आणि त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. घोडा मालकांना मिळाला, पण त्या कागदासकट. त्या हंगामात त्याला कुणी पळवलं नाही. लायसन गेलंच. जॉकी कडावला म्हशी धुवायला लागला.

मी काय शिकलो? त्या गडबडीत खोपोलीला उभे केलेले माझे चार शिपाई शनिवारी रात्रीपर्यंत तिथेच उभे होते. बदली माणसं पाठवायला मी विसरलो होतो. त्यांच्या पाठीवर मी बसलो होतो आणि माझ्या मांडीला काही कळलं नव्हतं. पुढे प्रत्येक बंदोबस्तात मी आधी माणसांचे पाय बघितले, मग नकाशा.

घोडा वेळेत का सोडला नाही, याचा खुलासा मागणारा मेमो मला आलाच. मी एका ओळीत उत्तर दिलं आणि बढती दोन वर्षं लांबली तरी ती ओळ मागे घेतली नाही: "मुद्देमाल थकला होता."