खाजणातलं भूमिपूजन

सूड ही तपश्चर्या आहे. तिला वर्षानुवर्षांचा संयम लागतो, एकाग्रता लागते आणि आपली बाजू न्यायाची आहे यावर अढळ श्रद्धा लागते. माझ्यापाशी यांतलं काहीच नव्हतं. एका पतपेढीने फुकट वाटलेलं कॅलेंडर तेवढं होतं आणि त्यात तिथी छापलेल्या होत्या. त्यावर भागलं.

सूड घ्यायचा होता तो आमच्या गावच्या गृहनिर्माण समितीच्या अध्यक्षावर. त्याचं नाव लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. छापलेलं स्वतःचं नाव त्याला फार आवडतं आणि त्याला आनंद होईल असं काहीही करायची माझी इच्छा नाही. शाळेत तो माझ्या हाताखालून गेला. मी भूगोल शिकवायचो. त्याने पुढे काय केलं ते पाहता मी नापास शिक्षक ठरतो, हेही इथेच सांगून टाकतो.

आमचं गाव अलिबागच्या खाली, रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला आहे. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ, खालच्या अंगाला खाजण. खाजण म्हणजे एके काळची आमची भातशेती. खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध होता. ज्यांची शेतं आत, त्या घरांनी मिळून तो राखायचा, याला जोळ म्हणत. उधाणाची हाळी आली की प्रत्येक घरातून एक माणूस घमेलं घेऊन बांधावर जाई. मग माणसं न्हावा शेव्याला, मुंबईला नोकरीला गेली, घमेली परसात गंजली, आणि एका पावसाळ्यात बांधाला खांड पडली. ती कुणी बुजवली नाही. खारं पाणी आत आलं, भात गेलं, तिवरांची खारफुटी उगवली. तिवरांच्या मुळांत कोळंबी आणि जिताड्याची पिल्लं आली, त्यांच्यामागून बगळे आले. डोंगरावरून पावसाळ्यात उतरणारं पाणी तिथेच पसरून थांबायचं, म्हणून गावातल्या चुली कोरड्या राहायच्या. हे सगळं कुणी ठरवून केलेलं नव्हतं. आमच्या आळसातून झालेलं हे गावातलं एकमेव चांगलं काम.

परवडणाऱ्या घरांची योजना आली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. माझी धाकटी बहीण तेव्हा अलिबागेत भाड्याच्या एका खोलीत राहत होती. नवरा गेलेला, मुलगी शिकणारी, स्वतः अंगणवाडीत मदतनीस. घरमालकाला त्या खोलीचं पर्यटकांसाठी काहीतरी करायचं होतं. दर महिन्याला तो खिडकीची मापं घ्यायला यायचा. तिने घराचा अर्ज भरला, तिचं नाव यादीत आलं आणि त्या यादीची झेरॉक्स तिने देव्हाऱ्यात ठेवली.

घरं आधी माळावर होणार होती. नंतर अध्यक्षाच्या लक्षात आलं की माळावरून समुद्र दिसतो. समुद्र दिसणारी जागा गरिबांना देणं हा त्याला जागेचा अपमान वाटला असावा. माळ ‘पर्यटन विकासा’साठी राखून ठेवायचा आणि घरं खाजणात न्यायची असं ठरलं. पाहणीला एक पथक आलं. अष्टमीचा दिवस, भर दुपार. अष्टमीला आमच्याकडे भांग असते, म्हणजे पाण्याला जोर नसतो, आणि दुपारी तर ओहोटी. पथकाने भेगाळलेला चिखल पाहिला, शहाळी घेतली आणि ‘सदर जागा कोरडी व पडीक’ असं लिहून दिलं. त्यांनी खोटं लिहिलं नाही. ते फक्त चुकीच्या तिथीला आले.

ग्रामसभेत मी उठून एवढंच सांगितलं, की पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमाराला तिथे गुडघाभर पाणी असतं, आणि तिथे भराव टाकला तर तेच पाणी गावात येईल. घरं व्हायलाच हवीत, माळावर करा. अध्यक्षाने शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही तीस वर्षं फळ्यावर समुद्र काढलात. निळ्या खडूने. तो कधी फळ्याबाहेर आला नाही. बांधकामाचं आम्हाला बघू द्या.”

सभा हसली. माझे विद्यार्थी हसले, त्यांचे बाप हसले. माझी बहीण तोंडावर पदर धरून हसली. ते मला दिसलं. त्यानंतर त्याने मला पुढे बोलावून शाल आणि नारळ दिला, ‘पर्यावरणाबद्दलच्या तळमळीबद्दल’. माणसाला गप्प करायची ही आपल्याकडची सर्वांत स्वस्त पद्धत आहे. नारळ कुजका निघाला. मला वाईट वाटलं नाही, उलट मदतच झाली. शालीमुळे राग थोडा निवला असता.

त्यानंतर मी अर्ज वगैरे केले. पोच मिळाली.

आणि मग मार्चअखेरीस अध्यक्ष स्वतः माझ्या ओट्यावर आला. भूमिपूजनाची निमंत्रणपत्रिका लिहून हवी होती. मराठी चांगलं माझंच, हे त्याला मान्य होतं. पुण्याच्या कुठल्याशा ज्योतिष्याकडून त्याने मुहूर्त आणला होता: चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती, अभिजित मुहूर्त, दुपारी बारा पंधरा. मी कागदाकडे बघत राहिलो. ज्योतिष्याला सगळे ग्रह ठाऊक होते. खाडी ठाऊक नव्हती.

“मुहूर्त कसा वाटतो?” त्याने विचारलं.

“याहून चांगला निघणार नाही,” मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नाही.

पुढचं मात्र मी मुद्दाम केलं. मंडप रस्त्याकडेला घालणार होते. मी म्हणालो, प्रमुख पाहुण्यांना खाडीचा देखावा दिसायला हवा, मंडप आत घ्या, तिवरांपाशी. त्याला ते फार पटलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो.

बहिणीने पत्रिका पाहिली आणि त्याच संध्याकाळी एसटीने आली. आम्ही एकाच घरात वाढलो, तिला तिथी शिकवायची गरज नव्हती.

“दादा, पुनवेला दुपारचं तिथं पानी असतं.”

“असतं.”

“त्याला सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तू हसलीस.”

तिने पत्रिकेची घडी घातली. मग म्हणाली, “मी हसले, मग मला शिक्षा कर. घराला कशाला? त्याचा पोपट होईल, तू दोन दिस खूश राहशील, आनी माझं घर जाईल. घरमालक कालच रंगाऱ्याला घेऊन आलावता.”

“त्या घरात तुझ्या चुलीत पाणी येईल, बाय.”

“मी दुसऱ्या माळ्यावर मागीन.”

“आणि खालच्या माळ्यावरचे?”

“ते काय तुझ्या वर्गात होते?” ती म्हणाली आणि चहा न घेता उठली.

तिने जाऊन अध्यक्षाला सांगितलं. हे मला नंतर कळलं. त्याच्या कार्यालयात दोन तास बाकावर बसून तिने त्याला सांगितलं, की साहेब, त्या दिवशी भरती आहे, तारीख बदला. तो म्हणाला, “गुरुजींनी पाठवलं ना?” आणि तिला पेढा दिला. ज्या सुडावर मी पंधरा दिवस मनातल्या मनात पोसलो, त्याचं गुपित माझ्या बहिणीने समोरच्याला आधीच उघड केलं होतं, आणि तरीही तो पार पडला. इतका सहकार्य करणारा शत्रू मिळायला भाग्य लागतं.

सामान चोरीला जाईल म्हणून मंडपवाल्याने मंडप आदल्या दिवशी न घालता त्या दिवशी पहाटे, ओहोटीला घातला. तो पनवेलचा. हिरवा गालिचा अंथरताना त्याने विचारलं, “जमीन ओली कशी काय?” जोळातले एक म्हातारे, वय ऐंशीच्या पुढे, बांधावर विडी ओढत बसले होते. ते म्हणाले, “हितं दव लय पडतं.” गावातली निम्मी म्हातारी माणसं त्या दिवशी बांधावर येऊन बसली होती. मी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. कुणी मंडपात शिरलं नाही.

पाहुणे बारा वाजता आले. पाणी त्यांच्या आधी निघालं होतं. उधाणाचं पाणी लाटांनी येत नाही. ते खांडीतून आत शिरतं, तिवरांच्या मुळांतून पसरतं आणि आपण दुसरीकडे बघत असताना पायाशी येतं. भटजींनी संकल्प सोडला तेव्हा गालिचा फुगला होता. कलशाची स्थापना झाली तेव्हा कलश हलत होता. प्रमुख पाहुण्यांनी आधी एक पाय उचलला, मग दुसरा, मग दोन्ही एकदम उचलता येत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. अध्यक्ष माइकवरून म्हणाला की ही वरुणदेवतेची कृपा आहे. त्यानंतर कुणीतरी ओरडून वीज बंद करायला सांगितलं आणि तो ओठ हलवत राहिला. फोडलेल्या नारळाचं एक भकल त्याच्या बुटांपाशी गोल फिरत होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या रांग न मोडता तरंगल्या. माझ्या आयुष्यात मी इतकं शिस्तबद्ध दृश्य पाहिलेलं नाही. मी ते पोटभर पाहिलं आणि मला जराही लाज वाटली नाही.

जिल्ह्याच्या कार्यालयातून एक तरुण अधिकारी बाई आल्या होत्या. त्या पळाल्या नाहीत. सलवार गुडघ्यापर्यंत ओढून चालत बांधापर्यंत आल्या आणि त्यांनी म्हाताऱ्यांना विचारलं, “हे पाणी रोज येतं?”

“न्हाय बाय,” विडीवाले म्हणाले. “पंधरा दिसातून येकदा दोन-तीन दिस. ह्यांनी मुहूर्त बराबर काढला.”

बाईंनी तिथेच, पाण्यात उभ्या राहून, नवा पंचनामा लिहायला घेतला.

मी जिंकलो होतो. दुसऱ्याच आठवड्यात घरमालकाने बहिणीला खोली सोडायला लावली, आणि ती सामान घेऊन माझ्याकडे आली. फाइल फिरत राहिली. दीड वर्ष ती आणि भाची माझ्या घरात होत्या. त्या काळात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि काम तिला फारसं पडायचं नाही. जेवताना मी पाणी मागितलं की ती तांब्या माझ्या हातात न देता ताटाशेजारी ठेवायची. भाचीच्या अभ्यासाला जागा नव्हती, ती ओट्यावर बसून वाचायची, आणि येता-जाता लोक तिला विचारायचे, तुमचं घर कुठवर आलं. ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणायची, “मामांना विचारा.” खाजणात पाणी येत होतं, जात होतं. मी रोज संध्याकाळी तिथे फिरायला जायचो, कारण घरात थांबवत नसे.

शेवटी घरं माळावर झाली. साधी, तीन मजली, पिवळ्या रंगाची. खाजण खाजण राहिलं. उद्घाटनाला अध्यक्षाचा सत्कार झाला. ‘पाणथळ जागेचे संरक्षण करून गोरगरिबांना निवारा देणारे दूरदर्शी नेतृत्व’ असं संगमरवरी पाटीवर कोरलं आहे, खाली त्याचं नाव, मोठ्या अक्षरांत. मी ती पाटी वाचली, शेवटपर्यंत वाचली. मागच्या रांगेत बसून टाळ्याही वाजवल्या, कारण बहीण माझ्याकडे बघत होती.

तिला दुसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं खाजण दिसतं, आणि त्यापलीकडे समुद्राची एक पट्टी. राहायला गेली त्या दिवशी तिने मला खिडकीशी नेलं, बराच वेळ बाहेर बघितलं आणि म्हणाली, “बरं झालं.” एवढंच. मी ते दीड वर्षाचं भाडं समजून घेतलं.

गेल्या महिन्यात इमारतीतल्या रहिवाशांनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे, की खाजणातल्या पाण्यामुळे डास फार होतात, तरी तिथे भराव टाकण्यात यावा. पहिली सही माझ्या बहिणीची आहे. मजकूर मी लिहून दिला.