फोटो लवकर काढला आहे

"माणूस पडून किती दिवस झाले?" फोटो बघण्याआधी आमच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न हा असायचा. उत्तर 'आजच' असं आलं की ते खुर्ची फिरवून स्क्रीनकडे पाठ करायचे आणि म्हणायचे, "मग मला कशाला दाखवता? त्याचं काय झालंय ते मेंदूलाच अजून माहीत नाही."

सोलापुरातल्या एका रुग्णालयात ते एमआरआयचे फोटो वाचायचे आणि मी ते काढायची. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेले, पण शुद्धीवर न आलेले रुग्ण आमच्याकडे यायचे. असा माणूस उठेल का, याचा अंदाज बांधायला मेंदूचा फोटो उपयोगी पडतो. मात्र इजा नीट दिसायला दोन-तीन दिवस जावे लागतात. नातेवाइकांना तेवढा दम कुठला? तुम्ही-आम्ही तरी काय, साधा रक्ताचा रिपोर्ट आला तर दारातच पाकीट फोडतो.

डॉक्टर तसे विक्षिप्तच. घरी तेलुगू, कामावर मराठी, अक्कलकोटकडचं कुणी आलं की कानडी, आणि तिन्ही भाषांत बोलणं तुटक. चहा गार झाल्याशिवाय प्यायचे नाहीत. रिपोर्ट इंग्रजीत असायचा, पण घाईने काढलेल्या फोटोच्या रिपोर्टाखाली ते मराठीत एक ओळ टाकायला लावायचे: 'हा फोटो लवकर काढला आहे. यावरून आशा धरू नये, निराशाही धरू नये.'

"सर, हे एसटीतल्या पाटीसारखं वाटतं," एक तरुण डॉक्टर हसत म्हणाला.

"ती पाटी लोक वाचतात तरी की," आमचे डॉक्टर म्हणाले.

ही ओळ सुरू झाली ती पेढ्यांमुळे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक कामगार टॉवेलच्या मागावर काम करता करता कोसळला. हृदय थांबलं होतं. सोबत्यांनी छाती दाबत दाबत त्याला आणलं, हृदय सुरू झालं, पण तो डोळे उघडेना. त्याच दिवशी फोटो निघाला. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं, विशेष दोष दिसत नाही, काही दिवसांनी पुन्हा काढावा. त्यातलं पहिलं अर्धं कानावर पडल्याबरोबर रुग्णाच्या भावाने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. एक पुडा आमच्याही खोलीत आला.

"हे कशाचे?"

"तुमच्या रिपोर्टचे," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पुडा तसाच बंद केला आणि उठून आयसीयूच्या दाराशी गेले. ते कधी नातेवाइकांत जात नसत, म्हणून मीही मागोमाग गेले. रुग्णाची बायको बाकावर बसली होती. अक्कलकोटकडच्या दुधनीची बाई, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती.

"पेढे वाटू नका," डॉक्टर म्हणाले. "अजून काहीच कळलेलं नाही."

"मग कवा कळंल?"

"परत फोटो काढू. काय असेल ते मी स्वतः सांगेन."

दुसऱ्या फोटोत मेंदूचा वरचा थर जवळजवळ सगळा पांढरा उजळलेला होता. फोटो वाचणं माझं काम नव्हे, पण एवढं पांढरं म्हणजे मोठी इजा, हे मलाही कळत होतं. आयसीयूतल्या डॉक्टरांची तपासणी आणि मेंदूचा आलेख यांचंही तेच म्हणणं होतं. श्वासाचं मशीन काढून घरी न्यायचं की मशीनवर ठेवायचं, हे आता त्या बाईवर आलं. भाऊ तर ठेवा म्हणूनच हटून बसला होता. डॉक्टरांनी तिला आत बोलावलं, शेजारी बसवलं आणि फोटो दाखवला.

"उटतील का न्हाय, तेवडंच सांगा."

"सगळं मिळून बघितलं तर, नाही उठणार."

"तुमचं मानूस असतं तर?"

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "घरी नेलं असतं."

तिने नेलं. तो दुधनीत, आपल्या घरात वारला.

काही महिन्यांनी ती परत आली. कुठल्याशा गावात असाच एक माणूस महिन्याभराने उठून बसला, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. "मी घाई केली का? परत एकदा बगा की," ती म्हणाली. डॉक्टरांनी जुना फोटो काढला आणि पहिल्यापासून सगळं समजावलं. मग ती येतच राहिली. कुणी असं काही सांगितलं की यायची. बाहेर रुग्ण खोळंबायचे आणि माझी चिडचिड व्हायची. शेवटी एकदा बोललेच, "सर, दर वेळी तेच काय दाखवायचं?"

"मी रिपोर्ट लिहून घरी गेलो," ते म्हणाले. "ती तो रिपोर्ट घेऊन घरी गेलीय."

डॉक्टर गेल्या वर्षी वारले. आता आमचे फोटो पुण्यात कुणीतरी वाचतं आणि रिपोर्ट कॉम्प्युटरवर येतो.

त्यानंतर ती दुधनीची बाई आली. "डॉक्टर हायत का?"

मी सांगितलं.

"कशानं?"

"हृदय बंद पडलं. दुपारी जेवून आडवे झाले होते."

"मशीनवर ठिवलं हुतं?"

"नाही. घरीच गेले."

"बेस झालं," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "घरात गेलं मानूस. लई बेस झालं."

ती फोटोसाठीच आली असणार, म्हणून मी विचारलं, "जुना फोटो दाखवू का?"

तिने थोडा विचार केला. "नको," म्हणाली. "आता नको बगायला."

ती गेली. हे डॉक्टरांना सांगायला हवं, म्हणून मी उठून त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेही.