दोन्ही मोजे डाव्या हाताचे

त्या हिवाळ्यात आमची सेक्शन लडाखच्या एका उंच पोस्टवर होती. मी नाईक होतो, गाव धारूरजवळ. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणं, मग फावड्यानं बर्फ काढणं, सेंट्री ड्यूटी आणि उरलेल्या वेळात विणकाम. हसू नका. सरकारी ग्लोव्हज चांगले होते, पण एकदा ओले झाले की वाळत नसत. बर्फानं खिंड बंद व्हायच्या आत प्रत्येक जवानाला लोकरीच्या हातमोज्यांचा एक जास्तीचा जोड देईन, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो. अंगठा वेगळा, चार बोटं एकत्र. दिसायला सोपं काम.

शिकवलं लान्स नाईक भानुदासनं. तो शिरूर कासारकडचा, आईबाप ऊसतोडीला जाणारे. विणकाम तो एका पहाडी हवालदाराकडून शिकला होता. सायकलच्या तारा घासून आमच्या सुया त्यानंच केल्या.

लोकर घरून आली. माझी बायको सुमन गावच्या मेंढपाळ सहकारी संस्थेत सूत कातायची. साल दुष्काळाचं. टँकरचं पाणी माणसांना पुरेना, लोकर कोण धुणार? पार्सल उघडलं तर सुतात कुसळं, काटे आणि मेंढ्यांचा उग्र वास. बंकरमधून मला हाकलायचंच बाकी होतं.

"ही लोकर हाय का कुंपण, बे?" भानुदास म्हणाला.

कुसळं वेचून डोळे दुखायचे, गारठलेल्या बोटांतून टाके सुटायचे. कसाबसा पहिला जोड झाला, तर दोन्ही मोजे डाव्या हाताचे.

"उसव," भानुदास म्हणाला.

"कावून? चालतंय की."

"दोन डावे हात कुणाला हायेत? उसव."

उसवला. पुन्हा विणला. पुन्हा दोन्ही डावे. मी सुया भिंतीवर फेकल्या. त्यानं त्या उचलल्या, सरळ केल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. तिसऱ्या खेपेला उजवा जमला, पण खिंड बंद झाली तेव्हा निम्म्या सेक्शनचे मोजे बाकी होते.

पुढं वादळ झालं आणि खालच्या पोस्टची टेलिफोन लाइन तुटली. सुभेदार साहेबांनी भानुदास आणि सिग्नलमन जोगिंदरला ती जोडायला धाडलं. मी रेडिओ सेटवर होतो. भानुदासचा आवाज आला.

"लाइन पार्टी टू पोस्ट. तुटलेली जागा सापडली. ओव्हर."

"जोडा आणि लगेच परता. ओव्हर."

"रॉजर."

थोड्या वेळानं वरच्या उतरणीवरचा बर्फ सुटून खाली कोसळला. आवाज आम्हाला बंकरमध्ये ऐकू आला. मी हाका मारत राहिलो. सेटवर नुसती खरखर.

फावडी घेऊन आम्ही उतरलो. जोगिंदर आधी सापडला, जिवंत. त्याच्या हातांत मी विणलेले मोजे होते. बोटं वाचली. न धुतलेल्या लोकरीत मेंढीचं तेल राहतं, त्यानं पाणी आत शिरलं नाही, असं डॉक्टर साहेब म्हणाले. भानुदास संध्याकाळी सापडला. तो गेला होता.

सुट्टी मिळाली तेव्हा मी शिरूरला गेलो. घराला कुलूप होतं. विचारत विचारत साखर कारखान्याकडं गेलो. त्याची आई उसाच्या फडात मोळ्या बांधत होती. मी नाव सांगितलं.

"तुमीच का ते मोजेवाले?" त्या म्हणाल्या. "पत्रात कळवलं व्हतं त्यानं. लई चिडता म्हनं."

"चिडतो, मावशी."

"आन् त्यो? तुमच्यावर चिडला का कदी?"

"एकदाबी न्हाई."

त्यांनी मान हलवली आणि पुढची मोळी ओढली. मी टोपी खिशात घातली आणि त्यांच्या शेजारी बसून मोळी बांधायला लागलो. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं भानुदासबद्दल बोलत होतो.