हाराचा फोटो

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कोपरगावात माझा फोटो स्टुडिओ होता. जवळच्या एका साखर कारखान्याचा रौप्यमहोत्सव आला आणि स्मरणिकेसाठी संचालकांचे, खातेप्रमुखांचे फोटो काढायचं काम मला मिळालं. काम मोठं आणि डोकेदुखीही तेवढीच. संचालक म्हणजे पांढरी टोपी, पांढरा नेहरू शर्ट आणि उन्हानं रापलेला चेहरा. फ्लॅश सरळ समोरून मारला की टोपी नुसती चकाकते आणि चेहरा काळाठिक्कर येतो. मग बोंब फोटोग्राफरच्या नावानं. म्हणून मी आधीच कागदावर आखणी केली. मोठा फ्लॅश उजेड मऊ करणाऱ्या पांढऱ्या छत्रीत उलटा मारायचा, डावीकडून, डोक्याच्या जरा वरून. लहान फ्लॅश मागच्या तपकिरी पडद्यावर. चष्मेवाल्यांची हनुवटी किंचित खाली.

त्याच आठवड्यात नगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की अण्णांना पोटाचा कॅन्सर आहे आणि आता फार काही करता येणार नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. साखर शिजते त्या पॅनवर, त्याच कारखान्यात, त्यांचा जन्म गेला. आई म्हणाली, "त्यांना अल्सर म्हनून सांगायचं. कळलं तर हाय खातील." घरात तेच ठरलं. आमच्याकडे असंच असतं. आजार गावभर ठाऊक, फक्त ज्याला झालाय त्याच्यापासून लपवायचा.

मला त्यांचा एक नीट फोटो हवा होता. फोटोग्राफरच्या बापाचा एकट्याचा एकही फोटो घरात नव्हता. एकट्याचा फोटो म्हणजे हाराचा फोटो, अशी त्यांची पक्की समजूत. कॅमेरा दिसला की शेजारी कुणाला तरी ओढून घ्यायचे. भाचा, व्याही, काहीच नाही तर दारातला बैल. ओळखपत्राचा फोटो काढताना एकटं बसणं भागच होतं, तर चौकटीत येणार नाही असा खाली माझ्या धाकट्या भावाचा हात घट्ट धरून बसले होते. आम्ही त्यांना त्यावरून किती चिडवायचो.

मग मी थाप मारली. कारखान्याला स्मरणिकेत जुन्या कामगारांचेही फोटो छापायचेत, असं सांगितलं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि "येतो की" म्हणाले. इतक्या चटकन तयार झालेले बघून मला बरंच वाटलं. मी स्वतःवर खूश होतो.

दुपारी ते आईबरोबर स्टुडिओत आले. आईनं धुवट शर्टाला कडक इस्त्री केली होती, पण गळ्याशी तो आता दोन बोटं सैल झाला होता. संचालकांसाठी आखलेलाच उजेड मी त्यांच्यासाठी लावला. छत्री मात्र आणखी जवळ घेतली, म्हणजे गालांचे खड्डे भरून निघतील. आई दाराशी उभी राहून पदर तोंडाला लावत होती.

"तू भाईर बस जरा," अण्णा तिला म्हणाले. "हितं लई गरम हुतंय."

ती गेली. अण्णा स्टुलावर ताठ बसले. त्या दिवशी त्यांनी शेजारी कुणालाच बोलावलं नाही. दोन्ही हात मांडीवर मोकळे होते.

"हासू का नको?" त्यांनी विचारलं.

"हसा की थोडं."

"नको. हाराखाली हासनं बरं दिसत न्हाई."

"अण्णा, हा स्मरणिकेसाठी आहे," मी कसंबसं म्हणालो.

"आरं, जन्म काढला मी तितं. पॅनवरल्या मानसाचा फोटो कोन छापतंय?" ते शांतपणे म्हणाले. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुझ्या आईला बोलू नको, मला कळलंय म्हनून. तिला वाटतंय, तिनं माझ्यापासून झाकून ठेवलंय. तेवढ्यावरच उभी हाय ती."

मी कॅमेऱ्याआड तोंड घातलं, कारण दुसरीकडे कुठं घालायला जागा नव्हती. रडू आवरत नव्हतं. समोरची चौकट धूसर झाली होती. फ्लॅशच्या उजेडात हात हलला तरी फोटो हलत नाही, एवढी एकच मेहेरबानी त्या दिवशी माझ्या धंद्यानं माझ्यावर केली.

"काढ आता," अण्णा म्हणाले. मी बटण दाबलं.

स्मरणिका निघाली तेव्हा अण्णा नव्हते. दहाव्याला गोदावरीच्या घाटावर तोच फोटो खुर्चीवर ठेवला. येणारा जाणारा म्हणत होता, काय सुरेख फोटो काढलाय, चेहऱ्यावर किती समाधान आहे. मला कुणाचं काही ऐकवत नव्हतं.

पाहुणे पांगल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. फोटोकडे बघत तिनं विचारलं,

"त्यांना शेवटपत्तूर काही कळलं न्हाई, व्हय ना रं?"

"न्हाई," मी म्हणालो. "कायच कळलं न्हाई."

"मग झालं," ती म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठ घाटाच्या भिंतीला टेकून बसली.