मास्तरांचा तिसरा गिअर

मास्तर तिसऱ्या गिअरमध्ये गल्लीतून सुटले होते आणि मागून औषधवाला बोंबलला, "पकडा, पकडा त्याला!"

आता भल्या सकाळी चड्डीतला, टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस एकदम वेग घेतो म्हटल्यावर औषधवाल्याचं तरी काय चुकलं? त्याला वाटलं, मास्तर चोराच्या मागे लागलेत. त्यानं अर्धं उचललेलं शटर तसंच सोडलं आणि पळत सुटला. त्याला बघून दूधवाला. मास्तरांनी दंडाला बांधलेल्या आरशात बघितलं. मागून दोघं जोरात येतायत. शिस्तीचा माणूस तो. लगेच कडेला झाला, हात बाहेर काढून खालीवर हलवला. म्हणजे, जा बाबांनो पुढे.

ते गेले की पुढे! पार कोपऱ्यापर्यंत. तिथं धापा टाकत उभे राहिले.

"मास्तर, चोर कुठं गेला?"

"कुठला चोर?"

"मग तुम्ही कोणाला धरायला पळत होता?"

"मी स्ट्राइड मारत होतो."

दूधवाल्यानं औषधवाल्याकडे बघितलं. "काय मारत होते म्हणे?"

हसायचं तर हसा, पण आधी मास्तर कोण ते ऐका. मास्तर गाडी शिकवतात. त्यांच्या शाळेच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक आहे आणि अख्खी जिंदगी त्या ब्रेकवर पाय ठेवून गेलीय. गावात जो कोणी आज स्टिअरिंग धरून ऐटीत फिरतो ना, तो कधी ना कधी मास्तरांच्या ब्रेकमुळे वाचलाय. दिवसभर तोंडात एकच शब्द, "हळू." झोपेतसुद्धा ब्रेक मारतात. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या मामी, सांगतात, त्यांच्या स्वतःच्या पोटरीवर कायमचा निळा डाग आहे.

असा माणूस मॅरेथॉन पळायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं चाला, हे पळायला लागले. पण पळणं कसं? शिकाऊ पोरगं पहिल्या दिवशी गाडी चालवतं तसं. एकच वेग. चढ असो, उतार असो, मागे कुत्रं लागो, वेग तोच.

मागच्या वर्षी व्हायचं ते झालं. शर्यतीत सगळ्यांच्या मागे एक पिवळी व्हॅन असते, उशीर झालेल्यांना उचलत येते. तिनं मास्तरांना उचललं. मागच्या सीटवर बसवलं. जो माणूस जन्मात मागच्या सीटवर बसला नाही त्याला! रस्ताभर ते ड्रायव्हरला क्लचवरून पाय काढायला सांगत होते. शेवटच्या कमानीपाशी व्हॅनचं दार सरकलं आणि मास्तर उतरले, समोर हार घेऊन पंचवीस-तीस शिष्य उभे.

बरं, शिष्य गप्प बसले. मेहुणा बसेल तर शपथ! मामींचा धाकटा भाऊ. पाट्या रंगवायचा धंदा आणि जिभेला हाड नाही. घरात जेवायला बसलं की सुरू.

"दाजी, अजून एक पोळी घ्या. का व्हॅन बोलवू, तोंडापर्यंत पोचवायला?"

एकदा मास्तर भडकले. "पुढच्या वर्षी मी माझ्या पायांनी येणार!"

"आणि नाही आलात तर?"

"तर तू म्हणशील ते."

मेहुण्यानं दुसऱ्या दिवशी पाटीच रंगवून आणली. लाल अक्षरं, काळी सावली, कामात कसर नाही. "आमचे मास्तर मागच्या सीटवर बसून शर्यत पूर्ण करतात." व्हॅननं उचललं तर ही पाटी वर्षभर शाळेच्या गाडीच्या पाठीवर. तोवर ती बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी उभी. बातम्या बघायच्या तर पाटी वाचावी लागायची.

मास्तरांची झोप उडाली. मामींच्या पोटरीला तेवढाच आराम.

सुटका केली पीटीच्या बाईंनी. शाळेत पोरांना पळवणाऱ्या बाई, मास्तरांकडे गाडी शिकत होत्या आणि लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास. कारण काय, तर वेग. शिकवणी चालू असताना त्याच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही लांब पळता ते ठीक आहे, पण पाय आळशी झालेत तुमचे. पळणं संपलं की शेवटी स्ट्राइड्स करा. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत हळूहळू वेग वाढवायचा, थोडं जोरात पळायचं, मग सोडून द्यायचं. चालत परत. श्वास खाली बसला की पुन्हा. असं चार-पाच वेळा."

"म्हणजे जीव तोडून पळायचं?"

"नाही हो. तिथंच सगळे चुकतात. छान, मोकळं, जोरात. पण जीव तोडून नाही."

मास्तर विचारात पडले. मग चेहरा उजळला. "म्हणजे तिसरा गिअर! पहिला, दुसरा, तिसरा. चौथा टाकायचा नाही."

"बरोब्बर!"

"आणि तुम्ही आत्ता चौथ्यात आहात बाई. ब्रेक!"

झालं. रोज सकाळी लांबचं पळून आले की गल्लीत स्ट्राइड्स. आता गिअर म्हटलं की मास्तरांचा डावा पाय क्लच शोधणारच. प्रत्येक वेळी वेग वाढवताना तो पाय जमिनीवर दाणकन आपटायचा. लोकांना वाटलं, माणूस लंगडतोय. वळण आलं की हात बाहेर. आणि आरशाशिवाय रस्त्यावर उतरणं तत्त्वात बसत नाही, म्हणून जुन्या गाडीचा बाजूचा आरसा गुडघ्याच्या पट्ट्यानं दंडाला बांधलेला. "मास्तर, तुमची पासिंग कधी आहे?" पोरं विचारायची. मास्तर हात दाखवून पुढे.

पण पाय सुटले, खरंच सुटले. पाय आपटायचा बंद झाला. लांबच्या पळण्यातसुद्धा अंग हलकं वाटायला लागलं. मामी म्हणाल्या, "अहो, तुम्ही घाटात गाडी बंद पडल्यासारखे धापा टाकत यायचात, आता नाही टाकत."

शर्यतीच्या दिवशी बाईंनी बजावलं, "आज स्ट्राइड्स नाहीत हं. त्या सरावाच्या. आज आपलं शांतपणे पळायचं."

मास्तर शांतपणेच पळत होते. शेवटचा लांबलचक रस्ता आला, ऊन चढलं, मांड्यांचे दगड झाले. जरा चालावं म्हणून वेग कमी केला, सवयीनं आरशात बघितलं.

पिवळी व्हॅन.

व्हॅनवर काहीतरी लिहिलेलं होतं, पण आरशात अक्षरं उलटी, आणि वाचायला वेळ कोणाला? डोळ्यांसमोर एकच अक्षरं, लाल, काळ्या सावलीची. तेवढ्यात हॉर्न वाजला.

पहिला, दुसरा, तिसरा! मास्तर सुटले. या खांबापासून त्या खांबापर्यंत. व्हॅन मागे पडली. मग चालले, श्वास खाली बसवला. आरशात बघितलं. आली परत! पुन्हा हॉर्न. पुन्हा तिसरा. एकदा तर त्यांनी नेहमीसारखा हात हलवून खूण केली, जा बाबा पुढे. व्हॅन काही पुढे जाईना. वर हॉर्न. मास्तरांनी त्या दिवशी ड्रायव्हरच्या खानदानाला आयुष्यात पहिल्यांदा शिव्या घातल्या, आणि शिव्या देत, पळत, चालत, पळत कमानीखालून गेले. शर्यतीची वेळ अजून संपली नव्हती. मास्तर दोन पायांवर होते. जेमतेम, पण दोन पायांवर.

मामी रडल्या. बाई एवढ्या जोरात नाचल्या की शेजारचा पंच घाबरून बाजूला झाला.

मेहुणा जरा वेळानं आला. घामाघूम, पाटी काखेत.

"कुठं होतास रे?" मामींनी विचारलं.

"पार्किंग मिळेना." तोंड पाडून पाटी दाजींच्या हातात दिली. "जिंकलात. घ्या."

ह्या माणसाकडे साधी सायकल नाही. मास्तरांनी तीनदा गाडी शिकवायला घेतलं आणि तिन्ही वेळा हात टेकले. पण त्या गोंधळात पार्किंगचं कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्यानं पाटीची मागची बाजू रंगवून शाळेच्या गाडीला ठोकली. "सावकाश शिकवतो. गरज पडली तर पळतो." पैसे घेतले नाहीत, टोमणे मात्र चालूच ठेवले.

मग बऱ्याच महिन्यांनी एक माणूस मुलीचं नाव घालायला मास्तरांच्या शाळेत आला. मांडववाला. बाहेर त्याची पिवळी व्हॅन उभी, दारावर लिहिलेलं, "खुर्च्या, टेबलं भाड्यानं मिळतील." भिंतीवरचा शर्यतीचा फोटो बघून म्हणाला, "अरे, हे तुम्ही होय! अहो, मी कमानीपाशी खुर्च्या घेऊन निघालो होतो, वाट मोकळी होती, सहज पुढे काढली असती. पण शेजारी एक पेंटर बसला होता, मांडीवर पाटी घेऊन. गाडी पुढे काढायला गेलो की माझा हात धरायचा. म्हणाला, मागेच राहा, पुढे गेलास तर ते रस्त्यातच बसतील. आणि हॉर्न? तो मी नाही, तोच वाजवत होता."